बिनबोल्टची रायफल

रायफलीच्या बोल्टच्या, म्हणजे गोळी आत सारणाऱ्या सरकत्या खिट्टीच्या दांडीखाली कोरलेला आकडा तांदळाच्या दाण्याएवढाच असतो. तोच आकडा रायफलीच्या अंगावर असला, तरच अमेरिकेतल्या मोंटानातले संग्राहक तिला अस्सल मानतात.

क्लेटनने भिंगातून आपल्या मित्राची रायफल न्याहाळली. "हार्लन, कारखान्यातून अशा मोजक्याच निघाल्या होत्या, त्यांतलीच ही. शंकाच नाही! पण बोल्ट कुठाय? लेका, तू स्वतःचं डोकं हरवशील, पण रायफलीचा स्क्रूसुद्धा नाही हरवायचास."

हार्लनची बायको बर्निस कपांत कॉफी ओतत होती. मुलगा गेल्यानंतर एका सकाळी हार्लन हीच रायफल आणि एक गोळी घेऊन गोठ्यात एकटाच बसलेला तिला दिसला होता. त्याच दिवशी तिने बोल्ट काढून लपवला. त्याच्याशिवाय गोळी सुटत नाही. त्याबद्दल दोघं कधी बोलली नाहीत. तिने डॉक्टरांचं नाव काढलं, की तो उठून जायचा.

"वहिनी, तुम्ही तरी पाहिलाय का? बोल्टशिवाय ही नुसती काठी हो."

बर्निसने नकारार्थी मान हलवली. नवऱ्याकडे पाहायचं तिने टाळलं.

"तिला कशाला छळतोस?" हार्लन म्हणाला. "घोड्यांच्या दाण्याच्या पिंपात आहे, अगदी तळाशी. मला पहिल्यापासून माहीत आहे."

बर्निसच्या हातातली किटली तशीच अधांतरी राहिली.

"मग जा की, घेऊन ये!" क्लेटन म्हणाला.

 

"राहू दे तिथेच," हार्लन म्हणाला आणि बायकोकडे वळला. "बर्निस, उद्या मला डॉक्टरकडे घेऊन चल."