शेडमागची पंगत

ओमप्रकाश शेठजींनी देवळाच्या अंगणातली आपली कोरी पत्रावळ उचलली आणि ते सरळ टिनाच्या शेडमागे जाऊन बसले. तिथे गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या लोकांची वेगळी पंगत असे; त्यांना सगळ्यांत शेवटी वाढत. अंगणातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या.

गावची रीत ठरलेली. महाप्रसादाचं धान्य ज्याचं, त्याला आधी वाढायचं, त्याने पहिला घास घ्यायचा, मग बाकी गाव. अकरा वर्षं डाळ शेठजींच्या अकोल्याच्या दालमिलमधून येत होती. अकरा वर्षं पहिला घास त्यांचाच. आणि शेडमागे कोण बसतं, हे या भल्या माणसाने कधी विचारलंही नाही! परवा मिलमध्ये डाळ निवडताना याच वस्तीतल्या माणिकबाईने ते सांगितलं, तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरपंच मनोज तरातरा आला. "शेठजी, तुमी इथं काहून बसले? चारशे माणूस उपाशी बसून राहिलं!"

"मंग वाढा ना. पंगत एकच, अन् सुरुवात इथून. देऊळ या लोकायचंबी आहे."

मनोजने आवाज खाली आणला. "यंदा गावची तूर मिलले पाहिजे का नाही, तेवढं सांगा."

या गावाच्या तुरीवर मिल दोन महिने चाले.

"पाहिजे," ते म्हणाले. "पण मी उठत नाही."

माणिकबाई शेजारीच बसली होती. "जाऊ द्या ना, शेठजी," ती पुटपुटली. "तुमी जासान अकोल्याले. आमाले इथंच राहा लागते."

शेठजी मान खाली घालून तसेच बसून राहिले.

अंगणात लेकरं रडायला लागली. गोवऱ्यांवर भाजलेले जाडजूड रोडगे निवत चालले. शेवटी बायकांच्या रांगेतून मनोजची म्हातारी आई, पार्बताबाई, कडाडली, "अरे मन्या, देवाच्या दारात कायची अडवणूक लावली? वाढ तिकडे!"

मनोजने कोणाकडेही न बघता चुलीवरच्या मोठ्या पातेल्यातून वरणाची बादली भरली. आधी शेठजींना वाढलं, मग तिथेच पुढे माणिकबाईला. शेठजींनी रोडगा कुस्करून घास उचलला. माणिकबाईने वरणात बोटं घातली आणि चटका बसून मागे घेतली.

"अकरा वर्सं खाऊन राहिलो आमी, शेठजी," ती म्हणाली. "तुमचं वरण गरम असते, हे आज समजलं."