मास्तरांच्या जागेवर

योसेफमास्तर लढाईवर गेले आणि घोडेगावजवळच्या त्या मिशन शाळेत पोरांना शिकवायला कुणी उरलं नाही. वाडीत दुसरं शिकलेलं माणूस नव्हतं, म्हणून मास्तरांच्या बायकोला, लिडियाबाईला, त्यांच्या जागेवर घेतलं. तेही तात्पुरतं, मास्तर परत येईपर्यंत. दोन वर्षं घशाला कोरड पडेस्तोवर ओरडून तिनं चारही वर्ग एकटीनं ओढले. दुसऱ्या नाताळात मास्तर रजेवर घरी येऊन गेले, आणि उन्हाळा लागला तसं लिडियाचं पोट पदराखाली लपेना.

एके दिवशी शाळेचा कारभार बघणारे पाळकसाहेब आले आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले, "बाई, उद्यापासून येऊ नका."

"मास्तरांना भर लढाईतून रजा मिळाली, साहेब. मला बाळंतपणापुरती द्या. मुलानं जरा मान धरली की मी येते परत."

"रजा कायमच्या माणसाला असते. तुम्ही पडलात तात्पुरत्या. मास्तरांची जागा मात्र आम्ही राखून ठेवू, त्याची काळजी नको." साहेब छत्री घेऊन उठले आणि दारात थांबून हळहळले, "मास्तर इतकी वर्षं या जागेवर होते, पण त्यांच्यामुळं शाळेला अशी अडचण कधी आली नाही बघा."

लिडियानं हातातला खडू टेबलावर ठेवला.



"ही अडचण त्यांच्यामुळंच आलीय, साहेब."