लाल टाके

दुसरं महायुद्ध जिंकल्यात जमा झालं, तशी फ्रेंच साहेबाला आफ्रिकेतून आणलेल्या काळ्या शिपायांची एकदम काळजी वाटायला लागली. "तुम्हाला इथली थंडी बाधेल, दक्षिणेला जा," म्हणाला, आणि नव्या गोऱ्या पोरांसाठी सगळ्यांचे गरम कोट उतरवून घेतले. बामाकोच्या झान कुलिबालीचा कोट छातीशी गोळीनं फाटला होता. तो त्यानं लाल दोऱ्यानं शिवला होता.

विजयाच्या संचलनात झान गर्दीत मागे उभा होता. एका गोऱ्या शिपायासमोर थांबून सेनापतींनी त्याच्या छातीवरच्या लाल टाक्यांवरून बोट फिरवलं आणि तिथंच शौर्यपदक लावलं.

शेजारी पलटणीतला दियारा होता. दियारा घराण्यातल्यांनी कुलिबालींना 'चवळीखाऊ' म्हणून चिडवायचं, ही गावाकडची जुनी थट्टेची रीत. त्यानं झानला कोपरखळी मारली.



"रडतोस काय, चवळीखाऊ? तुला नाही तर नाही, तुझ्या कोटाला तरी मिळालं!"