चौथ्या गाण्यातला ओरखडा

“मग माझ्यावर कुठला चिकटवताय? निळा की पिवळा?”

विचारून झालं. शाळेच्या जिन्यात मैत्रिणींनी पैज लावली होती, की भोंगा वर्गात कितीही वाजू दे, घरी हे विचारायची तिची छाती व्हायची नाही. भोंगा म्हणजे ती. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला तेव्हापासून हे नाव पडलं होतं, आणि ती ते झेंड्यासारखं मिरवत होती.

आई लाँड्रीत कामाला. गठ्ठ्यांवर लावायचे गोल स्टिकर तिनेच आणले होते. निळे बाबांच्या सामानावर, पिवळे आईच्या. फ्रिज पिवळा झाला, कपाट निळं. सोमवारी दोन टेम्पो येणार होते, दोन वेगळ्या घरांना जाणारे.

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पलंग खोलायला हातात घेतलेल्या पान्याकडे.

“काहीतरीच काय विचारतेस,” आई म्हणाली.

“परीक्षा होऊ दे तुझी,” बाबा म्हणाले. “मग बघू.”

“आणि तोवर?”

“माझी तर एकच खोली आहे गं,” आई म्हणाली.

“आणि माझी रात्रपाळी,” बाबा म्हणाले.

तिने तयारी वेगळ्याच गोष्टीची केली होती. दोघं दोन हात धरून ओढतील, आपण मधे उभं राहून दोघांना खडसावू, वाक्यंसुद्धा पाठ होती. कुणी ओढलंच नाही.

ती खिडकीकडे वळली. खिडकीखाली रेकॉर्ड प्लेअर होता, पिवळा स्टिकर लावलेला. शेजारी एकच रेकॉर्ड उरली होती. तिच्यावर कुठलाच स्टिकर नव्हता.

“ही कुणाची?”

“त्यांनाच दे,” आई म्हणाली.

“तिचीच आहे ती,” बाबा म्हणाले.

पाकिटावर चमचमत्या कपड्यांतले दोघं गायक, डोक्यावर केसांची टोपली. तिच्या जन्माआधी ही गाणी लग्नाच्या मांडवापासून केस कापायच्या दुकानापर्यंत सगळीकडे वाजायची म्हणे. ती त्यांना म्हाताऱ्यांचं ढिंगच्यॅक म्हणायची. आज चीड आली म्हणून तिने तीच लावली, मोठ्याने.

पहिलं गाणं तिला तोंडपाठ होतं आणि तिने ते कधी ऐकलंच नव्हतं. ते दोघं एकमेकांसाठी गात नव्हते. बाई एक ओळ म्हणायची, बुवा भलतीच. दोन्ही ओळी एकाच चालीत बसायच्या, पण एकमेकींना शिवायच्या नाहीत. ढोल किंचित उशिरा पडायचा, दारावर थाप मारायला कुणी हात उचलून तसाच थांबल्यासारखा. लोक यावर नाचले कसे? दुसऱ्या गाण्यात ती खाली बसली. तिसऱ्यात तिला भयंकर राग आला, की हे एवढं मोठं काहीतरी रोज या घरात वाजत होतं आणि आपण त्याच्या वरताण आवाज काढून डबा मागत होतो.

चौथ्या गाण्यात सुई अडकली. दरवेळी तिथेच अडकायची. तिथे ओरखडा होता, तो तिनेच रांगत्या वयात चमच्याने पाडला होता, असं सांगायचे. त्यावर घरचा उपाय ठरलेला. जो जवळ असेल त्याने लाकडी जमिनीवर टाच आपटायची, सुई पुढे सरकायची.

“हो ना... हो ना... हो ना...” बाई म्हणत राहिली.

स्वयंपाकघरातून आईची टाच आपटली. आतल्या खोलीतून बाबांची. एकाच क्षणी. आजवर असं कधी झालं नव्हतं. दुहेरी हादऱ्याने सुईने अख्खं गाणं ओलांडलं आणि मधल्या कागदापाशी जाऊन खरखरत बसली.

दोघंही दारात आले. आईच्या ओठांचा कोपरा हलला. बाबांनी मान खाली घातली, तेही हसतच होते बहुतेक. ती दोघांकडे बघत राहिली.

मग आईने खोकं बंद करायला चिकटपट्टीचं टोक नखाने शोधलं आणि पट्टी टरकन ओढली. बाबा पाना घेऊन आत वळले.

तिने सुई उचलून चौथ्या गाण्यावर ठेवली. ओरखडा आला तेव्हा टाच स्वतःच आपटली. उरलेलं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. ते कुठल्याही समेवर न येता नुसतं बारीक होत गेलं.

तिने रेकॉर्ड पाकिटात सरकवली.

“मी शाळेच्या वसतिगृहात राहणार आहे,” ती म्हणाली. आवाज मोठा काढला नव्हता, पण खोली इतकी रिकामी झाली होती, की तोही घुमला. “सोमवारपासूनच. ही माझ्याबरोबर येईल. प्लेअर राहू दे. तिथे टाच आपटायला माझ्याशिवाय कुणी नसेल.”