जोड

बालवाडीच्या अंगणातल्या लॉनचा जोड उकलला होता. त्यात पाय अडकून एका चिमुरडीचा ओठ फुटला, म्हणून लेक गुडघ्यांवर बसून नकली गवताची कड उचलून बघत होती. खालच्या गोंदाने धरलंच नव्हतं. शेजारी तिचा बाप उभा होता.

तीस वर्षं त्याने त्या गावात कृत्रिम लॉन घातली आणि दुरुस्त केली. समुद्र हाकेच्या अंतरावर, हवेत बारा महिने ओल. इथे टॉवेल वाळायला दोन दिवस लागतात, मग गोंदाला घाई कशाला, असं तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा. आई गेल्यापासून लेकही त्याच्याबरोबर कामाला यायची. तिचा हात चपळ. बापाचा एक जोड व्हायचा तोवर ती तीन उरकायची. त्यात गेली दोन वर्षं बापाचे हात थरथरू लागले होते. सुरी धरली की पातं हलायचं.

"बाबा, ही बाजू तुमची होती ना?" तिने विचारलं.

त्याने जोडाकडे बराच वेळ पाहिलं. "माझीच असेल," तो म्हणाला.

संध्याकाळी चहा पिताना तिने मन घट्ट करून सांगून टाकलं. आता पुरे, तुम्ही घरी आराम करा. आज ओठ फुटला, उद्या एखाद्या लेकराचा डोळा जायचा. त्याने खिशातली सुरी काढली, मिटली आणि टेबलावर तिच्यापुढे ठेवली.

त्यानंतर आठ महिन्यांत एकही तक्रार आली नाही. तिला वाईटही वाटलं आणि सुटल्यासारखंही झालं. एकदा जेवताना तिने त्याला ते सांगितलंही. "छानच की," तो म्हणाला आणि भाताकडे बघत राहिला.

पण मधल्या काळात तो सकाळीच बाहेर पडू लागला होता. दुपारी परत यायचा तेव्हा पँटच्या गुडघ्यांना हिरवे धागे चिकटलेले असायचे. कुठे गेला होतात म्हटलं की उत्तर ठरलेलं, फिरायला. एक दिवस गोदामातला गोंदाचा डबा गायब झाला आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हातारा चोरून कामं घेत होता. त्या थरथरत्या हातांनी तो काहीतरी बिघडवून ठेवणार आणि नाव जाणार तिचं. तिने गोदामाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. त्यानंतर दोघांत "जेवलात?" आणि "जेवलो" एवढंच उरलं.

मग एका सकाळी बालवाडीतून फोन आला. बाबा अंगणात कोसळले होते.

घसरगुंडीजवळचा जोड तिने आदल्याच दिवशी लावला होता. म्हणजे हा माणूस आता आपल्याच गिऱ्हाइकांकडे काम मागत फिरतोय, हे तिच्या मनात आधी आलं. रडू नंतर आलं.

इस्पितळात त्याची उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेल्या होत्या. "तिथे कशाला गेला होतात, बाबा?" तिने विचारलं. आवाजातली धार तिला लपवता आली नाही. त्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग डाव्या हाताने तिच्या मनगटावर हळूहळू थोपटत राहिला, जणू आजारी तीच होती. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

पंधरा दिवसांनी ती बालवाडीत गेली. मुलं घरी गेली होती. बालवाडीच्या बाईंनी तिला एका बुटक्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. वडिलांच्या वतीने माफी मागायला आले, असं ती म्हणाली. त्यांनी काम मागून तुम्हाला त्रास दिला असेल. म्हातारपणी माणूस हट्टाला पेटतो, ऐकत नाही.

"काम मागायला नव्हते येत ते," बाई म्हणाल्या. "तुम्ही जोड लावून गेलात की दुसऱ्या दिवशी यायचे. तो उचकटायचे, खालची ओल जाईपर्यंत तिथेच बसून राहायचे आणि दोन्ही हातांनी धरून पुन्हा लावायचे. अर्ध्या तासाच्या कामाला अख्खी सकाळ जायची. इथलं झालं की तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे. मी एकदा म्हटलं, मुलीला सांगत का नाही? तर म्हणाले, पोरीचा हात बसेपर्यंत तिला कळू देऊ नका."