स्वयंपाकघरातलं कथक

घुंगरं बांधताना कुंदाच्या हाताला गाठ काही केल्या जमेना. दोन वर्षं ती कथक शिकली ती किनवटला, स्वयंपाकघरात, ओट्यावर मोबाइल टेकवून. किनवटात कथक शिकवणार कोण? ऑनलाइन क्लास नसता तर पन्नाशीच्या तोंडावर तिच्या पायात घुंगरं आलीच नसती. पण आज नाशिकच्या या हॉलमध्ये पहिल्यांदाच क्लासच्या सगळ्यांबरोबर नाचायचं होतं.

तालीम सुरू झाली. बाकीच्या जणी तबल्याच्या ठेक्यावर झरझर पुढे सरकल्या. कुंदा दोन पावलं गेली आणि गपकन थांबली. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. पुढच्या वेळी तर तिने कोपरही अंगाशी ओढून घेतलं.

"काकू, क्लासमध्ये तर छान करायचात," शिकवणाऱ्या मॅडम वैतागल्या. "तिथं अडतंय काय?"

कुंदाने समोरच्या मोकळ्या फरशीकडे पाहिलं. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"फ्रिज," ती पुटपुटली.

हॉलभर हशा पिकला. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"मोबाइलवर मला तो कधी दिसलाच नाही हो," त्या म्हणाल्या. मग कुंदाची पावलं जिथे अडत होती, त्याच्या बऱ्याच पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. "या."

ठेका सुरू झाला. कुंदाने हात पसरले, डोळे घट्ट मिटले आणि ती फ्रिजमधून आरपार गेली.

तबला थांबला, तरी कुंदा थांबली नाही.