दारातलं पातेलं

वाम्बुरा शेगडीवर मका-घेवडा शिजत ठेवून विसरली. पाणी आटलं आणि ॲल्युमिनियमच्या पातेल्याचं बूड वितळून गेलं. तिच्या नवऱ्याने, गाथोगोने, ज्याला सगळे फुंदी म्हणजे मिस्त्री म्हणत, ते पातेलं नैरोबीतल्या आपल्या गॅरेजच्या दारात खिळ्याला टांगलं. "ॲल्युमिनियम कोरडं तापवलं की असं होतं," तो येईल त्याला दाखवायचा, "पण आमच्या घरी कोण सांगणार?" गिऱ्हाइकं हसायची. डबा घेऊन आलेली वाम्बुरा मान खाली घालून परत जायची.

त्याच आठवड्यात त्याने किप्रोनो नावाच्या गिऱ्हाइकाच्या टर्बो गाडीला सायलेन्सरचा अख्खा पाईप ॲल्युमिनियमचा बसवला, थेट टर्बोपासून. "एका हाताने उचलून बघ," तो म्हणाला. "गाडी उडेल आता."

शनिवारी किप्रोनोची गाडी दोरीने ओढत आणावी लागली. त्याने वेडावाकडा पाईप गाथोगोच्या पायाशी ठेवला. "फुंदी, टर्बोजवळचा भाग लिमुरूच्या चढावर तापून वितळला. उरला तो हा."

गाथोगोला मान वर करवेना. तेवढ्यात वाम्बुरा डबा घेऊन आली. तिने पाईप पाहिला, दारातलं पातेलं काढलं आणि पिशवीत घातलं.



"न्जोकीचे बाबा, खिळा मोकळा केलाय. तुम्हाला लागेल."